मेश्रामभाऊंची अडीच इंची दुर्बीण

त्या दुर्बिणीतून ग्रह पाहिले चार-पाचच, पण तिच्यापायी जमलेले किस्से सांगायला बसलो तर चहा निवून जाईल! १९८६-८७ची गोष्ट. ऊर्जानगर या वीज केंद्राच्या कॉलनीत माझे शेजारी मेश्रामभाऊ, केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर. त्यांनी नागपूरहून छोटी दुर्बीण आणली अन् आमची गच्ची रोज संध्याकाळी भरू लागली.

पहिला डोळा लावला शेखभाईंनी. कॉलनीतले टेलर.

"भाऊ, चिमणी उलटी! धूर खाली जाऊन राह्यला!"

मेश्रामभाऊ शांतपणे म्हणाले, "या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसते."

"मंग आधी सांगाचं ना! मी घाबरलो, तुमची ड्यूटी वाढली म्हणून!"

* * *

माझी बायको दर शनिवारी शनीला तेल वाहणारी. दुर्बिणीत शनी आहे म्हटल्यावर ती जिन्यातच थांबली. कशीबशी आली. डोळा लावला, तो काढेचना. कड्यासकट तो इवलासा शनी!

"एवढा देखना? मंग लोक याले भेते काऊन?"

शनिवारी पुन्हा तेलाची वाटी घेऊन निघाली. मी हसलो. म्हणाली, "आता भेव नाई, नुसती भेट!"

* * *

एकदा वादळात झाड तारांवर पडलं. कॉलनीभर अंधार. आभाळ धुऊन निघालेलं अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाशगंगा! आम्ही सतरंजीवर उताणे पडलो. मेश्रामभाऊ मात्र सेकंड शिफ्टला.

ते आले तेव्हा लाइट नुकतीच आली होती. त्यांनी विचारलं, "काही दिसलं?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून शेखभाई म्हणाले, "कायचं भाऊ! ढगच ढग."

मेश्रामभाऊंनी चिखलानं भरलेली पॅन्ट दाखवली. "अंधारात वर पाहत पाहत सायकल चालवली. सीधा नालीत!"

* * *

मेश्रामभाऊंची आई आरमोरीकडच्या खेड्यातून आली होती. म्हातारी त्याआधी कधी गाव सोडून कुठं गेलेली नव्हती. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र. तिला स्टुलावर बसवलं. तिनं डोळा लावला. मग एकदम ओरडली, "बापू, चांद सरकून राह्यला! पकड त्याले!"

"आई, तो नाई एवढा सरकत. आपली धरती फिरून राह्यली. आपणच चाललो."

म्हातारीनं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. "मी बी?"

"तू बी. जन्मल्यापासून."

"अन् मी म्हणत होती, जिंदगीत कुठी गेलीच नाई!"

थोड्या वेळानं तिनं पदर सावरला अन् हळूच विचारलं, "बापू, आता कुठी पोचलो?"