कानात सांगितलेला आकडा

"ताई गेली. आता आपली बँक कुठं गं?"

दहाव्याचे विधी उरकून ओसरीवर बसलेल्या बायकांमधून हा प्रश्न आला. मी आतल्या खोलीत, दाराआड उभी होते. "कुठं म्हंजी? शिरूरला. जा आता यष्टीनं," दुसरी म्हणाली. थोड्या वेळानं तिसरी हळूच बोलली, "शिरूरला हाय की. पण तिथं कानात कोण सांगणार?" बाकीच्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. या बायका आत्यासाठी रडतायत की बँकेसाठी, असं माझ्या मनात आलं आणि लगेच लाज वाटली. रडण्याचा हक्क माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त होता.

सुमनआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, न्हावऱ्याच्या पुढच्या एका वाडीवर बँकेचं काम बघायची. बँकेची शाखा शिरूरला. वाडीपर्यंत पोचायची ती आत्याच्या या खोलीतून. एक टेबल, दोन खुर्च्या, अंगठ्याचा ठसा घेणारं छोटं यंत्र आणि त्याच्या शेजारी वाटीत भिजवलेला कापडाचा तुकडा. कांदे कापून, धारा काढून बायकांचे अंगठे इतके झिजलेले असत की यंत्र त्यांना ओळखायचं नाही. आत्या अंगठा ओल्या फडक्यानं पुसायची, स्वतःच्या पदराला कोरडा करायची, पुन्हा ठेवायची. तीनदा, चारदा. ठसा उमटला की पडद्यावर शिल्लक दिसे. ती मात्र आत्या कधीच मोठ्यानं सांगत नसे. खुर्चीतून उठून, टेबलाला वळसा घालून ती त्या बाईच्या कानाशी वाकायची.

दारात मुलगा, नवरा, सून असं कुणीतरी उभं असायचंच. हिराआजींचा मुलगा तर नेहमीच. "काय ओ ताई, आईच्या खात्यावर किती हायेत?"

"तुझ्या आईला इचार की."

"तिला कुठं वाचता येतंय?"

"मला येतंय ना! तू जरा भाईर थांब. तुझी गाडी कुणी न्हेली का बघ."

"माझ्याकडं कुठाय गाडी?"

"मग तर काळजीच न्हाई. थांब निवांत."

सगळे हसायचे, तोही हसत बाहेर जायचा. हिराआजी पेन्शन साठवत होत्या. त्यांना स्वतःच्या नावाची एक कालवड घ्यायची होती. हे फक्त आत्याला माहीत होतं, आणि तिच्यामुळे मला.

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. गावाकडे माझं मराठी ऐकून चुलतभावंडं हसायची, म्हणून मी बोलायचंच बंद केलं. सुट्टीत आत्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचे. कुणी म्हणालं, "पोरगी मुकी हाय का काय?" की आत्या म्हणायची, "बोलणारी पुष्कळ हायेत गावात. मला हीच पायजे."

गेल्या वर्षीच्या सुट्टीत एका सकाळी शाखेतून तिला फोन आला. रेंज अंगणातच मिळायची. "एवढं बघ गं रेवा," म्हणून ती बाहेर गेली. समोर हिराआजी होत्या. मी फडकं घेतलं, त्यांचा अंगठा पुसला आणि पहिल्याच वेळी ठसा उमटला. मला इतका आनंद झाला... वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसा मी पडद्यावरचा आकडा खणखणीत वाचून दाखवला. दारात त्यांचा मुलगा होता. हिराआजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग हळूच पदर डोक्यावर ओढून घेतला.

त्याच आठवड्यात तो त्यांना शिरूरच्या शाखेत घेऊन गेला. नंतर त्याच्या दारात जुनी मोटरसायकल दिसायला लागली. आत्या मला रागावली नाही. इतकंच म्हणाली, "वाचायचं नव्हतं बाळा, सांगायचं होतं."

त्यानंतर मी वाडीवर गेले नाही. फोनवर आत्या विचारायची, "कवा येतीस?" मी परीक्षांची नावं सांगायचे. शेवटच्या फोनवर तिनं सांगितलं, "हिराआजी परत साठवाय लागल्यात. तुझं नाव काढतात." नाव कसं काढतात, हे विचारायचं धाडस झालं नाही. "बघते," म्हणाले... आणि एका सकाळी वडील चहाचा कप तसाच ठेवून फोन ऐकत राहिले. आत्या झोपेतच गेली होती.

दहाव्यानंतर मी तिथंच राहिले. ठशाचं यंत्र बँकेचा माणूस घेऊन गेला. ते आत्याच्या अंगठ्याशिवाय सुरूच होत नव्हतं. टेबल राहिलं, वाटी राहिली. फडकं वाळून कडक झालं होतं. मी रोज त्या खोलीत बसायचे. कुणी येत नव्हतं. गेल्या आठवड्यात हिराआजी दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, शिरूरला येतीस का माझ्यासंगं?" मला नाही म्हणता आलं नाही. वाळलेलं फडकं मी पिशवीत टाकलं.

आम्ही एसटीनं गेलो. मुलगा मोटरसायकलवरून आमच्या आधीच पोचला होता. रांग मोठी होती. काचेपलीकडचे साहेब चांगले होते, पण काचेमुळे सगळ्यांशी ओरडूनच बोलत होते. हिराआजींचा अंगठा उमटेना. मी बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवलं, अंगठा पुसला, माझ्या ओढणीला कोरडा केला. तिसऱ्या वेळी उमटला.

"हां आजी," साहेब पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "ऐकू येतंय ना? तुमच्या खात्यात—"

मुलानं काउंटरवर कोपर टेकलं. हिराआजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"थांबा साहेब," मी म्हणाले. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "आकडा कागदावर लिहून द्या. मी त्यांच्या कानात सांगते."

मग मी मुलाकडे वळले.

"दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा."