धक्क्यावरचे पाच कंदील

माझा धाकटा भाऊ चष्मे करतो. 'विकतो' म्हटलं की त्याला राग येतो. विकणारे वेगळे, म्हणतो, मी काच घासून माणसाच्या डोळ्याला बसवून देतो. गिऱ्हाईक नवा चष्मा घालून आधी आरशाकडे वळलं की हा ओरडतो, "आधी समोरचा रस्ता बघा, स्वतःला मग बघा!" लहानपणी भिंग घेऊन घरातले कागद जाळत बसायचा म्हणून आम्ही त्याला भिंग्या म्हणायला लागलो. आता टक्कल पडलं तरी तो भिंग्याच आहे. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं आहे, आणि मी सोडून सगळे ते पाळतात.

तर हा भिंग्या वरच्या फळीवरची फ्रेम काढायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट खाली आला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. मी बॅग भरली आणि आले. मी उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला आहे, त्यामुळे माझी बोटं अजून पळतात. गुडघे पळत नाहीत, तो भाग वेगळा.

दुकानाच्या मागे त्याची खोली. तिथे काचा घासायचं यंत्र, एक खाट, आणि टेबलावर दोन कॉम्प्युटर. कॉम्प्युटरसमोर एका ट्रेमध्ये चार रिकाम्या फ्रेमा ओळीने मांडून ठेवलेल्या. मला वाटलं दुरुस्तीला आल्या असतील, म्हणून मी त्या पुसून कपाटात टाकल्या. दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरल्यावर हा खोलीत आला आणि असा घाबरला की जणू मी घर विकून टाकलं.

"ताई, माझ्या फ्रेमा कुठायत?"

"कपाटात. कुणाच्या आहेत त्या?"

"माझ्याच आहेत," म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. खोटं बोलताना आणि खरं लपवताना, दोन्ही वेळा त्याचे कान लाल होतात. आई त्यावरच त्याला पकडायची.

दोन दिवस तो माझ्याभोवती घुटमळत राहिला. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून दाबायचा आणि हताश व्हायचा. शेवटी म्हणाला, "ताई, जरा टाइप करून देशील? पण हसायचं नाही."

तो एक ऑनलाइन गेम होता, नाव 'सातबेट'. आपण खलाशी व्हायचं, होडी घ्यायची, एका बेटावरचा माल दुसऱ्या बेटावर न्यायचा, आणि वाटेत जगभरातले इतर खेळाडू भेटतात त्यांच्याशी गप्पा मारायच्या. आमचा भिंग्या तिथे गेली कित्येक वर्षं 'नांगर' या नावाने वावरतो. एके काळी तिथे म्हणे होड्यांची इतकी दाटी असायची की धक्क्याला लागायला रांग लावावी लागे. आणि एक रीत होती. बाहेरून कुणीही आलं की त्याने धक्क्यावर उभं राहून विचारायचं, 'कोण आहे?' मग जे असतील ते एकेक करून आपला कंदील वर करायचे. काळोख्या पाण्यावर एकामागून एक कंदील उजळायचे. हे सांगताना भिंग्याचा चेहरा असा झाला होता की मला हसू आलं नाही.

पुढे माणसं पांगली. कुणाला मूल झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाला दुसरा गेम आवडला. 'येतो' म्हणून गेले ते आलेच नाहीत. एक दिवस नांगरने विचारलं, 'कोण आहे?' आणि एकही कंदील वर झाला नाही. याने थोडा वेळ वाट बघितली. मग दुसरं अकाउंट उघडलं, एक म्हातारी बाई तयार केली, तिचं नाव ठेवलं माई, आणि तिच्याकरवी कंदील वर केला. स्वतःच हाक मारली आणि स्वतःच ओ दिली.

"एवढंच ना?" मी म्हटलं.

एवढंच नव्हतं. माईनंतर सुकाणूकाका झाले. मग वारा आणि वावटळ ही जुळी भावंडं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून त्याने प्रत्येकासाठी एक फ्रेम ठरवली होती. माईची सोनेरी काड्यांची गोल, काकांची जाड काळी, जुळ्यांच्या दोन निळ्या, आणि नांगरची पाचवी म्हणजे याच्या नाकावरची रोजची साधी. बोलायच्या आधी फ्रेम बदलायची. मी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पन्नाशीचा माणूस बंद खोलीत बसून चष्मे बदलतो आणि स्वतःशीच भांडतो! शेजाऱ्यांना कळलं असतं तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"अरे, पण कशासाठी?"

"लोक गेमच्या फोरमवर विचारतात ना, हा गेम अजून जिवंत आहे का म्हणून. 'इथे मी एकटाच आहे' असं सांगितलं तर कोण येईल?"

आणि खरोखरच एकजण आली होती. टिटवी नावाची. तिने फोरमवर विचारलं होतं, 'सातबेट जिवंत आहे का? रिकाम्या गावात मला जायचं नाही.' त्याखाली पाच जणांनी लिहिलं होतं, ये, आम्ही आहोत. पाचही हाच. ती आली तेव्हा धक्क्यावर पाच कंदील एकेक करून वर झाले. ती एका मोठ्या गोदामात माल मोजायचं काम करायची. तिने लिहिलं, 'पाच! मोजण्यात माझी चूक होत नाही.' आणि ती राहिली. वर्षभर रोज दुपारी येत राहिली.

पुढचे काही दिवस मी त्याची बोटं झाले. तो सांगायचा, मी टाइप करायची, तो माझ्या नाकावर फ्रेमा बदलायचा. पहिल्यांदा मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. एकदा माझ्या हातून वावटळने काकांचं वाक्य बोलून टाकलं, तर टिटवीने हसून लिहिलं, 'एका घरात राहून एकमेकांसारखे बोलायला लागलात की काय?' भिंग्याने दोन मिनिटं श्वास घेतला नाही. गंमत म्हणजे टिटवीला नांगर मुळीच आवडायचा नाही. नांगर फार शिकवतो, ती माईला सांगायची, त्याच्याशी बोलणं म्हणजे होडीचं माहितीपत्रक वाचणं. मी हे मोठ्याने वाचलं. भिंग्या म्हणाला, "बरोबर आहे तिचं. लिही, अगं तो मनाने चांगला आहे." मी लिहिलं, आणि मला माझ्या भावाची इतकी दया आली की त्याला एक धपाटा घालावासा वाटला.

मग एका दुपारी टिटवीने माईला लिहिलं, 'कामासाठी तुमच्या गावात येतेय. तुम्ही म्हणाला होतात ना, चष्म्याच्या दुकानावर राहता. परवा दुपारी येते. मला तुम्हाला बघायचं आहे.'

भिंग्याला थापाही धड मारता येत नाहीत. माईला राहायला घर हवं म्हणून त्याने आपलंच दुकान देऊन टाकलं होतं. तो पांढराफटक पडला. आणि मग माझ्याकडे बघायला लागला. माझे पांढरे केस, माझं वय, माझ्या नाकावरची सोनेरी काड्यांची गोल फ्रेम.

"नाही," मी म्हटलं.

"ताई, तासाभराचा प्रश्न आहे."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लाज, अक्कल, वय, आईवडील, सगळं निघालं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ती गेली तर तिथे कुणीच नाही, ताई." आणि मी विरघळले. त्या दुपारची लाज अर्धी माझ्याही वाट्याची आहे.

ती आली. मी कल्पना केली होती तशी पोरसवदा नव्हती, चाळिशीच्या पुढची, पायांत कामावरचे जाड बूट, हातात फुलं. दारातूनच तिने मला ओळखलं, म्हणजे जिला ओळखायचं होतं तिला. "माई!" म्हणाली. भिंग्या लाकडी पडद्यामागे यंत्राशी उभा होता. मी तिला काउंटरपाशी खुर्ची दिली. प्रवासाची, कामाची चौकशी केली. बाई मोकळी होती. म्हणाली, "माई, तुम्ही प्रत्यक्षात जास्त बोलता." मी म्हटलं, "टाइप करायला कंटाळा येतो गं." मी, टायपिंगची मास्तरीण!

मग तिने माझा हात हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही सांगितल्यापासून मी तसंच करते. आई मला ओळखत नाही आता, नाव तर गेलंच. पण मी बोलत बसत नाही, नुसता हात धरून बसते. तुम्ही म्हणाला होतात ना, तुमच्याच अनुभवातून, की आई विसरते पण आईचा हात विसरत नाही. ती खरंच बोटं दाबते, माई. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही."

त्या दोघांच्यातल्या या बोलण्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. माझा हात तिच्या हातात होता, आणि तो हात चोरीचा आहे असं मला वाटायला लागलं. सोडवून घ्यावा तर तिला लागेल, ठेवावा तर मला भाजत होता. मी पडद्याकडे बघितलं.

भिंग्या बाहेर आला. डाव्या हातात फ्रेमांचा ट्रे होता, तो त्याने काउंटरवर टेकवला. माझ्या नाकावरची सोनेरी फ्रेम त्याने हलकेच काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ही माझी बहीण आहे," तो म्हणाला. "माई मी आहे."

ती हसली. तिला थट्टा वाटली. मग तिने त्याचे कान बघितले असावेत.

"तुम्ही कोण?"

"नांगर."

तिने ट्रेमधल्या फ्रेमांकडे बघितलं. मग माल तपासणाऱ्या कोरड्या आवाजात विचारायला लागली. "सुकाणूकाका?"

त्याने काळी फ्रेम सोनेरीच्या शेजारी ठेवली. "मीच."

"वारा?" निळी फ्रेम. "वावटळ?" दुसरी निळी. पाचवी त्याने स्वतःच्या डोळ्यांवरून काढून ठेवली, आणि उघड्या, बिनचष्म्याच्या डोळ्यांनी तिच्यापुढे उभा राहिला. त्याला तशात काही दिसत नाही हे मला माहीत आहे.

"मी त्या दिवशी आईचं सांगत होते," ती म्हणाली, "तेव्हा जुळी भावंडं मागे दंगा करत होती. मी त्यांना गप्प बसा म्हटलं होतं. तेही तुम्हीच?"

"हो. ती एकदम गप्प झाली असती तर संशय आला असता." हे त्याने सांगितलं. माझी मान खाली गेली. जमीन दुभंगली असती तर मी त्याला घेऊन आत उतरले असते.

"आणि ते हाताचं? तेही असंच?"

"ते खरं आहे. आमच्या आईचं आहे. फक्त हात धरणारी माई नव्हती. मी होतो."

आई सगळं विसरत गेली तेव्हा तिच्याजवळ तोच होता, मी नव्हते. टिटवीने मान हलवली. कशासाठी ते मला कळलं नाही. फुलं काउंटरवर ठेवली होती ती तिने परत उचलली, मग पुन्हा ठेवली. दाराशी जाऊन वळली.

"मी विचारलं होतं, जिवंत आहे का. तुम्ही लिहायचं होतं की एकजण आहे. मी आले असते. एकजण पुरला असता मला."

दार लोटून ती गेली. भिंग्या तिथेच उभा राहिला. एक गिऱ्हाईक आलं, नवा चष्मा घालून आरशात बघायला लागलं, तरी हा ओरडला नाही.

त्याच संध्याकाळी त्याने चार अकाउंटं बंद केली. मी टाइप करून दिलं. माईचं बंद करताना माझीच बोटं अडखळली. मग नांगर धक्क्यावर जाऊन उभा राहिला. 'कोण आहे?' त्याने माझ्याकडून लिहून घेतलं. काळं पाणी तसंच. मी म्हटलं, "मी उघडू का एखादं, माझ्याच नावाने?" तर म्हणाला, "नको, ताई. तू घरी गेलीस की तेही खोटंच होणार." हे बोलणं मला लागलं. तो चुकीचं बोलला नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

प्लास्टर निघायच्या आधी फोरमवर कुणीतरी नव्याने विचारलं, 'सातबेट अजून जिवंत आहे का?' भिंग्याने या वेळी माझी मदत घेतली नाही. डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, त्याने उत्तर लिहिलं: 'एकजण आहे.' खाली नाव नांगर.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत असताना त्याने मला हाक मारली. त्याच्या उत्तराखाली आणखी एक ओळ आली होती.

'हे खरं आहे. मी मोजून पाहिलंय.' खाली नाव टिटवी.

मी त्याला विचारलं, ही माफी आहे की चपराक? तो म्हणाला, माहीत नाही. त्याचे कान लाल होत होत मानेपर्यंत लाल झाले. चष्मा काढून तो कितीतरी वेळ त्याच्या काचा पुसत राहिला, आणि त्या स्वच्छ होत्या.