निळ्या खुणेची बारा पालवी

मी जनावरांचा डॉक्टर आणि जन्मानं लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि गंमत बघा, आयुष्यात नाव काढायची एकुलती एक संधी आली ती मटणाच्या अभ्यासात! कुरुंदवाडात वडिलांचं भुसारी दुकान होतं. ते सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "सोमशेखर, नाक धरून अभ्यास करनार व्हय रे?" मी तिथंच भडकलो. मी चटकन भडकतो हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या रागाचा वाटा मोठा आहे.

गावाबाहेर पिराजी धनगराचं घर होतं. मी त्यांना मामा म्हणायचो. मामांच्या शेजारच्या शिवारात आकाराम नावाच्या माणसानं गवती चहाचं तेल काढायची भट्टी टाकली होती. तेल निघालं की उरलेला चोथा तो पुन्हा जाळात घालायचा. शहाण्णवच्या उन्हाळ्यात चाऱ्याचे हाल झाले, तेव्हा मामांनी तो चोथा वाळवून मेंढरांपुढे टाकला. पहिल्या दिवशी मेंढरांनी फुरफुरून तोंड फिरवलं. मामांनी त्यात मूठभर कोंडा कालवला, तशी ती खायला लागली.

पुढच्या वर्षी हाच चोथा खाल्लेली मामांची पालवी, म्हणजे कोवळी मेंढरं, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या शालूबाईंच्या खानावळीत गेली. शालूबाई म्हणजे मटणातलं शेवटचं कोर्ट. त्यांनी मामांना निरोप धाडून बोलावून घेतलं. "पिराजी, काय चारतोस रं ह्यास्नी? मटनाला उग्र वास म्हनून न्हाय. सकाळी कापल्यालं सांजपतूर लालभडक ऱ्हातंय!"

ही बातमी मामांनी मला दवाखान्यात येऊन सांगितली. त्यांना कौतुक नको होतं. त्यांना चोथा हवा होता, वर्षभर, हक्काचा. त्यांच्या बायकोचे, बाळाबाईंचे, दोन्ही गुडघे कामातून गेले होते. चाऱ्यासाठी वर्षातले सात-आठ महिने कळपामागं मुलूखभर चालायचं, एका गावाहून दुसऱ्या गावाला, आणि त्या चालायच्या लंगडत, दात-ओठ खाऊन. "चारा घरात आला तर हिला चालाय लागनार न्हाय, डॉक्टर. एवढंच मागनं हाय बगा," मामा म्हणाले.

पण आकाराम पक्का होता. एक वीटभट्टीवाला सगळा चोथा न्यायला टपला होता. आकाराम मला म्हणाला, "चोथ्यानं मटन सुदारतंय, असा तुमच्या सहीचा कागद आना. वर्साचा चोथा पिराजीला देतो. कागद न्हाय आला, तर वीटभट्टीला."

मी म्हटलं, कागद काय, छापून आणतो! चोवीस पालवी निवडली. बारांच्या पाठीवर लाल रंगाची खूण, बारांच्या पाठीवर निळी. कुडाचे दोन वाडे शेजारी शेजारी. लाल खुणेला कडबा आणि चोथा, निळ्या खुणेला नुसता कडबा. तीन महिने. मी मामांना बजावलं, "निळ्याला चोथ्याची काडी जरी गेली, तर सगळं मातीत." मामांनी देवापुढचा भंडारा उचलून शब्द दिला. बाळाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांच्याशी मी काहीच बोललो नाही. बाईमाणसाला यातलं काय कळणार, असा माझा तोरा. मामा बाकीचा कळप घेऊन उजाडायला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे आणि ही चोवीस पालवी दिवसभर बाळाबाईंच्याच हवाली असायची. तरीसुद्धा मी बोललो नाही!

तीन महिन्यांनी दोन्हीकडची पालवी शालूबाईंकडे गेली. मटण दोन पातेल्यांत वेगवेगळं, नुसत्या मिठा-हळदीत, बिनतिखटाचं शिजवलं. कुठलं पातेलं कुठल्या खुणेचं, हे फक्त मला ठाऊक होतं. खानावळीतले सहा जुने खाणारे बसवले. मी दारात वही घेऊन उभा, तोंडाला रुमाल लावून.

"बोला, शालूबाई."

"दोनी बी एक नंबर हायत की!"

"फरक सांगा. फरक काय?"

"फरक असंल तर सांगीन न्हवं? दोनी बी ग्वाड. वास हिकडं बी न्हाय, तिकडं बी न्हाय."

सहाही जणांनी तेच सांगितलं. कच्चं मटण दिवसभर ठेवून रंग बघितला, तोही सारखाच. माझं डोकं सणकलं. माझ्या वहीत फरकाचा रकाना होता आणि तो रिकामा राहिला होता. दोन्ही चांगली आहेत, हे ती बाई ओरडून सांगत होती आणि मला ते ऐकूच आलं नाही. बाजारातलं साधं मटण आणून शेजारी शिजवायचंही सुचलं नाही. जन्मात एक घास खाल्ला असता तरी सुचलं असतं.

मी लिहिलं, चोथ्यामुळे मांसात फरक आढळला नाही. खाली सही केली, शिक्का मारला. वर मामांच्या दारात जाऊन बोललो, "तुमच्या चोथ्यात काही दम नाही. उगीच माझे तीन महिने खाल्लेत." मामा शांतपणे म्हणाले, "असंल. कागुद कशाला खोटं बोलंल?" चोथा वीटभट्टीला गेला. आठवड्याभरात मामांनी घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि कळप घेऊन ती दोघं बाहेर पडली.

पुढं माझी बदली झाली. दोन हजार चार साली मी परत या भागात आलो, आणि लस टोचायला एका शेतावर गेलो तर तिथं मामांचाच कळप बसवलेला. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात, तसा. मामा थकले होते. बाळाबाई काठीवर आल्या होत्या, पायांना बाक आला होता. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मलाच लाज वाटली.

पाणी देता देता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगू? रागावनार न्हाईसा न्हवं? तवा ती लाल पालवी खायाची आन् निळी कुडावरनं माना काडून बगायची. एका दारातल्या लेकरांत असा पंक्तिपरपंच कोन करंल वं? मी रोज सांजचं पाटी भरून निळ्यास्नी बी चोथा टाकत हुते. गुडघं दुकायचं, पर टाकत हुते. ह्यास्नी बी कदी बोलले न्हाय."

आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

चोवीसच्या चोवीस पालव्यांनी चोथा खाल्ला होता. शालूबाई खरं बोलल्या होत्या, सहाही जण खरं बोलले होते. खोटा होता तो फक्त माझा कागद. राग असा उसळला! अहो बाई, ज्या पायांसाठी हे सगळं मांडलं होतं, त्याच पायांनी जाऊन तुम्ही... शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांना सांगायचं कोणी होतं? मीच ना? आणि मी तर त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

मामांना सगळं उमगलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. बायकोच्या पाठीमागून त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

"त्यानं काय बिघडलं न्हाय न्हवं, डॉक्टर?" बाळाबाईंनी विचारलं.

"नाही हो आक्का," मी म्हणालो. "काही बिघडलं नाही. कागद मीच चुकीचा लिहिला."

"मग बरं झालं. इतकी वर्सं जिवाला लागून ऱ्हायलं हुतं माज्या."

पलीकडं कळप उठला होता, पुढच्या गावाला जायचं होतं. बाळाबाईंनी काठी रोवली, दुसरा हात गुडघ्यावर दाबला, आणि उठून त्या मेंढरांमागं चालायला लागल्या.