बायकोच्या व्हिसावर

मार्च आला की पुण्यातले माझे मित्र मुलांच्या शाळेच्या पावत्या शोधत बसतात. फी दाखवायची आणि टॅक्स वाचवायचा. अबुधाबीत पगारावर टॅक्स नाही, त्यामुळे ती कटकट आम्हाला नाही. पण मुलं कोणावर अवलंबून आहेत हे इथेही सांगावं लागतं, व्हिसासाठी. बायको-मुलांचा व्हिसा कमावत्या माणसाच्या नावावर निघतो आणि त्या माणसाला स्पॉन्सर म्हणतात. आमच्या घरात लग्नापासून स्पॉन्सर मी होतो. गाडी मी चालवायची आणि व्हिसाची फाईल मी सांभाळायची, असा आमचा कारभार.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीचं कंत्राट संपलं आणि माझी नोकरी गेली. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिच्या पगारावर माझा आणि दोन्ही मुलांचा व्हिसा निघू शकत होता, आणि मुलीची दहावी असल्यामुळे तो निघायलाच हवा होता. नाहीतर अर्ध्या वर्षातून शाळा सोडून पुणं गाठायचं. मुलं आईच्या नावावर जायची तर वडिलांची लेखी संमती लागते. मला हरकत नाही, अशी सही मी करून दिली. हरकत घ्यायला माझ्याकडे उरलं होतं तरी काय? आता पोरांच्या बरोबरीने मीही आश्रित. याची मला फार लाज वाटत होती आणि एवढं शिकूनही ती वाटते, याची वेगळी लाज. महाराष्ट्र मंडळात मी कोणाला काही कळू दिलं नव्हतं.

बोटांचे ठसे द्यायला आम्ही चौघं व्हिसा सेंटरला गेलो. टोकनचा नंबर लागल्यावर सवयीने फाईल घेऊन मीच उठलो. काउंटरवरच्या तरुणीने कागद चाळले आणि अगदी नम्रपणे सांगितलं, "सर, स्पॉन्सर को भेजिए." मी परत येऊन मुलांशेजारी बसलो आणि बायको पुढे गेली. मुलीने आपली बॅग मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. धाकट्याचं मोबाईलवरून लक्ष हललं नाही, तेवढीच माझ्यावर कृपा.

तेवढ्यात मंडळातले एक काका समोर उभे राहिले. कोणाची नोकरी लागली, कोणाची गेली, हे चहा गार व्हायच्या आत काढून घेणारे गृहस्थ. वहिनी काउंटरवर आणि तुम्ही इथे निवांत कसे, असं त्यांनी हसत विचारलं. "अहो, ते काय आहे..." म्हणत मी तोंड उघडलं.

मुलीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "जस्ट रिन्यूअल, अंकल. बाबा इज अवर स्पॉन्सर. हिज पार्ट इज डन."

काकांचं समाधान झालं. गणपतीच्या वर्गणीचं काहीतरी बोलून ते गेले. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी खुर्चीत जरा ताठही बसलो.

बायकोला हॉस्पिटलला सोडून आम्ही तिघं घरी निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्यातला बाप जागा झाला. खोटं बोलायचं नाही म्हणून मी या मुलीला लहानपणापासून पिडत आलो आहे. त्याच सुरात विचारलं, "काकांना खोटं का सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "यू वर अबाउट टू, बाबा," ती म्हणाली. "सो आय डिड."

सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता. सही करताना लाज वाटली होती, काउंटरवरून परत फिरतानाही वाटली होती, पण ती चारचौघांपुढची होती. ही माझ्या एकट्याची. माझं खोटं माझ्या लेकीने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि त्यानंतर मला किती बरं वाटलं, हे तिने शेजारी बसून पाहिलं होतं.