सशाचा उपास

"सर, हा सकाळपासून लेंडीच टाकत नाहीये," म्हणत क्षितिजाने कॅरिअर टेबलावर ठेवला. आत तिचा ससा, मुरमुरा, अंग चोरून कोपऱ्यात बसला होता. कान गार. पोट टम्म फुगलेलं. बाहेर सामानाने भरलेली गाडी उभी होती. ऑफिसने तिची हैदराबादला बदली केली होती.

माझा पुण्यात खराडीला प्राण्यांचा दवाखाना आहे. क्षितिजा यवतमाळची, इथल्या आयटी कंपनीत टेस्टर. एकटी राहायची, घरात सोबत काय ती या सशाची. आठवड्यापूर्वी ती त्याच्यासाठी पाठीवर अडकवायची प्लॅस्टिकची बंद बॅग घेऊन आली होती.

"मे महिन्यात आपण यात दहा मिनिटं बसून दाखवा," मी म्हणालो, "मग सशाचं बघू."

तिला कडक, हवेशीर कॅरिअर घ्यायला लावला. वरूनही उघडणारा, कारण भेदरलेल्या सशाला पुढच्या दारातून ओढून काढू नये. तळाला जुना टॉवेल, कारण पाय घसरून त्याने लाथ झाडली तर कणा मोडू शकतो. आठवडाभर दार उघडं ठेवून आत गवत टाकायचं, म्हणजे तो आपणहून जातो. पोरीने सगळं मन लावून केलं होतं. मग झालं काय?

"शेवटचं कधी खाल्लं?"

"काल संध्याकाळी."

माझं डोकंच फिरलं. "उपाशी ठेवायला कोणत्या शहाण्याने सांगितलं?"

"सर, तुम्हीच. परवा फोनवर."

आठवलं. मी एका कुत्र्याला टाके घालत होतो, फोन खांद्याशी धरलेला. 'प्रवासाआधी खायला' एवढंच ऐकलं आणि नेहमीचं ठोकून दिलं: रात्रीपासून काही नको, गाडीत उलटी होते. अहो, ती कुत्र्याला! सशाला उलटी होतच नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. पोट रिकामं राहिलं की ते थांबतं, गॅस धरतो आणि ससा हातचा जातो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेदनेचं इंजेक्शन दिलं. कातडीखाली कोमट सलाइन सोडलं.

सामान हलवायला गावाहून आलेले तिचे वडील आत आले. "डॉक्टरसाहेब, किती वेळ लागन जी? तिले उद्या जॉइन व्हाचं आहे."

"वाचेल की नाही हेच सांगता येत नाही. चूक माझी आहे."

"बाबा, मी याला असा सोडून येणार नाही," क्षितिजा म्हणाली. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बस मंग. मी गाडी सावलीत लावतो."

पोटात कुठे अडथळा लागत नव्हता, म्हणून दर अर्ध्या तासाने सिरिंजने गवताच्या भुकटीची पातळ पेज देत राहिलो. एक वाजला, दोन वाजले. काही नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो.

साडेतीनला ती ओरडली, "सर, लेंडी!"

दोनच होत्या, मिरीएवढ्या. मी खुर्चीत बसलो तो पाच मिनिटं उठलोच नाही. ती रडत होती आणि ऑफिसला फोन लावून दोन दिवस मागत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले, कॅरिअरमध्ये भरपूर गवत घेऊन.

तेव्हापासून फोन आला की मी हातातलं काम थांबवतो आणि आधी विचारतो, "प्राणी कोणता?" रोजच्या लोकांना वाटतं, डॉक्टर आता विसरायला लागले. वाटू दे.