एका कान्याचा ठराव

गल्लीत त्यांना सगळे मिनिटकाकू म्हणतात. यावरून काकू मिनिटात कामं उरकतात असा कुणी समज करून घेऊ नये. कोपऱ्यावर दूध आणायला गेल्या तर पाऊण तासाची निश्चिंती, कारण वाटेत सहा दारं आहेत आणि सहाही उघडी असतात. नाव पडलं ते नोकरीवरून. नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त काकू लिहितात, आणि इतिवृत्ताला साहेबलोक मिनिट्स म्हणतात.

इतिवृत्त म्हणजे सभेत जे झालं त्याची नोंद, असं पुस्तकात असतं. नगरपालिकेत जरा वेगळी पद्धत. काकू इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सभा त्याबरहुकूम होते. अध्यक्ष विषयाचा क्रमांक पुकारतात, बाकं वाजतात, चहा येतो. प्रत्येक विषयाखाली एकच वाक्य: 'सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.' सत्तावीस वर्षांत तीन पक्ष आले आणि गेले, खुर्च्यांचे अभ्रे तीन रंगांचे झाले, वाक्य तेच राहिलं. एकदा भर सभेत एका सदस्याने दुसऱ्याला पाण्याचा तांब्या फेकून मारला. काकूंनी तोही सविस्तर चर्चेत धरला.

काकूंचे यजमान पोस्टातून निवृत्त. तेव्हापासून राज्य सरकारचे बिनपगारी प्रवक्ते. सकाळी आठ ते बारा नगरपालिकेच्या वाचनालयात बसून चार वर्तमानपत्रं वाचायची, त्यातल्या एकावर मान डोलवायची आणि उरलेल्या तिन्हींचे दुपारच्या जेवणात वाभाडे काढायचे, हा त्यांचा दिनक्रम.

तर यंदा राज्य सरकारच्या मनात आलं की प्रत्येक शहराला एक प्रेरणा केंद्र हवं. म्हणजे काय, तर एक हॉल. त्यात मोठा पडदा, पडद्यावर नेत्यांची भाषणं, भिंतीवर नेत्यांचे बाळपणापासूनचे फोटो आणि दाराशी नेत्यांचा पुरुषभर पुठ्ठा. त्याच्या शेजारी उभं राहून आपला फोटो काढायचा आणि प्रेरणा घेऊन घरी जायचं. शहराने फक्त जागा द्यायची. पाण्याच्या टाकीला गेली चार वर्षं मंजुरी न देणाऱ्या वरच्या कार्यालयाने हे पत्र मात्र हातोहात पाठवलं.

विषयपत्रिकेवर चौदावा विषय आला: 'मिळकत क्रमांक बासष्ट, जुनी वास्तू, प्रेरणा केंद्रासाठी देणे.' सदस्यांनी तो वाचला नाही, कारण विषयपत्रिका वाचायची पद्धत नाही. काकूंनी टाइप करताना वाचला आणि त्यांची बोटं थांबली. शहरातल्या मिळकतींचे क्रमांक त्यांना नणंदांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ. बासष्ट म्हणजे वाचनालय.

थांबलेली बोटं पुन्हा चालू झाली. 'सविस्तर चर्चेअंती...' नोकरी होती, काय करणार?

पण दुसऱ्या दिवशी सभेत बाकं वाजायच्या आत एक बाई उभ्या राहिल्या. एक्केचाळीस सदस्यांत अपक्ष अशा एकट्याच. धंद्याने शिवणकाम, म्हणून सगळे शिंपीणताई म्हणतात. बोलणं त्यांच्या कात्रीसारखं, लागलं की मगच कळायचं.

"अध्यक्षमहाराज, मिळकत क्रमांक बासष्ट म्हणजे काय, ते सभागृहाला सांगता का?"

"जुनी वास्तू."

"जुने तर तुम्हीपण आहात. ते वाचनालय आहे. वॉर्डातल्या चाळीस मुली तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. माझा विरोध लिहून घ्या."

"बसा ताई, तुमची भावना पोहोचली."

"भावना घरी ठेवून आलेय. विरोध आहे, तो लिहायचा असतो."

बाकं इतक्या जोरात वाजली की पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मंजूर.

सभा संपल्यावर शिंपीणताई थेट काकूंच्या टेबलाशी आल्या. "काकू, लिहिलंत ना?"

"लिहून कालच झालंय," काकू म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, फक्त टाइप करायची होती.

"हे बघा, इतिवृत्तात विरोध असेल तरच मला वर दाद मागता येते. नसेल तर मी सभेत होते आणि टाळ्या वाजवत होते, असा अर्थ. महिनाभरात कुलूप लागेल तिथे. मग या मुलींनी अभ्यास कुठे करायचा? पुठ्ठ्याच्या सावलीत?"

तेवढ्यात अध्यक्षांचं बोलावणं आलं.

"बाई, चौदा नंबर एकमताने ना?"

"साहेब, ताईंनी विरोध..."

"अहो, एका बाईला विरोध म्हणतात का? त्याला स्वभाव म्हणतात. इतकी माणसं देशाच्या प्रेरणेसाठी हात वर करताहेत आणि तुम्हाला एकटी दिसते? एकमताने लिहा." मग आवाज मऊ करून, "पुढच्या वर्षी निवृत्ती ना तुमची? हार घालून, गोडीगुलाबीने जायचंय ना?"

काकू जागेवर आल्या आणि अंतिम प्रत टाइप करायला बसल्या. तेरा विषय झाले. चौदाव्याला बोट घसरलं. पडद्यावर उमटलं: 'ठराव एका मताने मंजूर.'

काकूंनी ते पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक काना जास्त आणि एक जागा मोकळी. अर्थाचा मात्र कायापालट. एकमताने म्हणजे सगळे एका बाजूला; एका मताने म्हणजे सभागृह दुभंगलेलं आणि ठराव जेमतेम एका हातावर तरलेला. शिंपीणताई एकट्या होत्या त्या काकूंच्या कान्याने वीस झाल्या.

खोडायला हात गेला. आणि तिथेच राहिला. काकू लग्नाआधी दोन खोल्यांत सात माणसांत राहायच्या. कारकुनीच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी त्याच वाचनालयात केला होता, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. 'एवढं शिकून काय कलेक्टर होणार?' असं विचारणारा भाऊ तिथे नव्हता. तिथे बोलायलाच मनाई होती. काकूंना आयुष्यात शांतता म्हणून जी मिळाली ती तेवढीच.

चूक बोटाची होती. ती तशीच राहू देणं मात्र काकूंचं. त्यांनी छापण्याचं बटण दाबलं.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी नेहमीसारखं विचारलं, "मागील सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजून कायम करायचं का?"

"कायम!" बाकं वाजली. अध्यक्षांनी लफ्फेदार सही ठोकली. वाचलं होतं एकट्या शिंपीणताईंनी. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू छतावरचा पंखा निरखत होत्या, जणू तो त्यांच्याच माहेरचा होता.

बारा दिवसांनी वरून पत्र आलं. 'सदर ठराव एका मताने मंजूर झाल्याचे दिसते. मिळकतीचा वापर बदलण्यास एकूण सदस्यसंख्येच्या तीन चतुर्थांश मते आवश्यक असल्याने ठराव परत पाठविण्यात येत आहे.'

अध्यक्षांच्या केबिनचं दार बंद होतं, तरी आवाज जिन्यापर्यंत आला. "एक काना! एका कान्याने राज्य सरकारची योजना अडवली? खोडा तो!"

मुख्याधिकारी नियमांच्या पुस्तकाआड राहून बोलणारा माणूस. "साहेब, कायम झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही. आपली सही आहे. खरी मतं किती होती ते दाखवायचं तर फेरमतदान घ्यावं लागेल. नाव पुकारून."

"घ्या! चाळीस आहेत माझे."

त्या संध्याकाळी घरी यजमान रंगात होते. "बघ, विरोधकांनी प्रेरणा केंद्र अडवलंय म्हणे. असल्यांना तुरुंगात टाकायला हवं."

"अहो, कुठे होणार होतं ते, ठाऊक आहे?"

"कुठेही होवो. विकास म्हटला की त्याग आलाच."

"तुमच्या वाचनालयात."

यजमानांनी घास ताटात ठेवला. "आपल्या? कशाला पण? पलीकडच्या वॉर्डात करा म्हणावं. तिकडे प्रेरणेची जास्त गरज आहे." मग म्हणाले, "नक्की कुणी अडवलं म्हणे?"

"मी," काकू म्हणाल्या आणि आमटी वाढली. राज्य सरकारच्या बिनपगारी प्रवक्त्यांनी आमटीची वाटी पुन्हा पुढे केली.

फेरमतदानाच्या दिवशी काकूंपुढे सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कोरा कागद होता. नाव पुकारून मतदान असल्याने आधी टाइप करायला काही नव्हतंच. मागे प्रेक्षकांच्या बाकांवर वाचनालयातल्या मुली येऊन बसल्या होत्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पुस्तकं उघडून वाचत होत्या. ओरडणाऱ्याला बाहेर काढता येतं. वाचणाऱ्याला कोणत्या कलमाखाली काढायचं, ते मुख्याधिकारी पुस्तकात शोधत राहिले.

पहिलं नाव पुकारलं. सदस्य उठले, मागे पाहिलं, घसा साफ केला. "मी पक्षाबरोबर."

काकूंनी मान वर केली. "पक्षाला मत नाही, साहेब. तुम्हाला आहे. होय लिहू की नाही?"

"हे... म्हणजे... वर्तमानपत्रात छापून येतं का?"

"हा कागद जो मागेल त्याला मिळतो."

निवडणूक चार महिन्यांवर होती. एकमतात माणसाला लपायला भरपूर जागा असते. नावाने हाक मारली की तो उघड्यावर येतो. पहिल्याने 'होय' म्हटलं, पण इतकं हळू की काकूंनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा ते मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. आठव्या सदस्याची भाची नेमकी समोर बसली होती. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं, मामाने 'नाही' म्हटलं आणि कपाळ पुसलं. त्याच्यामागून आणखी तिघांना कंठ फुटला. मग एकेकाचे फोन वाजायला लागले. फोन वाजल्याचा आवाज मात्र कुणी ऐकला नाही. सात जणांना एकदम स्वच्छतागृहाची आठवण झाली. तिथे जागा दोघांची.

शिंपीणताईंनी 'नाही' म्हटलं ते सरळ, इंची टेपने मापून दिल्यासारखं.

मोजणी झाली. होय एकोणतीस, नाही पाच, बाहेर सात. हवी होती एकतीस. वाचनालय जिथल्या तिथे राहिलं.

मुलींनी पुस्तकं मिटली आणि त्या रांगेने जिना उतरल्या. त्यांना साडेअकराला परत जागेवर बसायचं होतं.

अध्यक्ष काकूंच्या टेबलावर वाकले. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मतदानाच्या वेळी सात सदस्य स्वच्छतागृहात होते.' खाली साती नावं.

"बाई, हे काय? हे काढा. शोभतं का?"

"काढते, साहेब. मग ते कुठे गेले होते म्हणून लिहू? आपण सांगाल तसं."

अध्यक्षांनी सभागृहाकडे पाहिलं. सातही जागा अजून रिकाम्याच होत्या. शेवटी तेही वळले आणि स्वच्छतागृहाकडेच गेले.

काकूंनी घड्याळ पाहून वेळ टाकली आणि आठवं नाव लिहिलं.