अक्कांच्या तव्यावरची पुस्तकं

अक्कांच्या घरात पुस्तक कसं आहे ते तव्यावरून कळायचं. भाकरी टम्म फुगून पांढरीशुभ्र आली तर पुस्तक सुमार. कडेला काळा डाग असला तर वाचायला हरकत नाही. आणि ताटात कोळसाच पडला तर समजावं, बाईंना आज काहीतरी भारी सापडलेलं आहे. त्यांचे यजमान अप्पा पहिला घास मोडताना तो कोळसा उलटसुलट बघायचे आणि विचारायचे, "आज काय वाचलालीस?"

मी नांदेडचा. लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला आलो आणि अप्पांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. जेवणही त्यांच्याकडेच ठरलं. अप्पांचं डाळीचं दुकान होतं. अक्का निलंग्याकडच्या, राग आला की सरळ कानडीत जायच्या. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, मग स्वयंपाक, आणि वाचन स्वयंपाकाच्या आतच. पुस्तक तुरीच्या डब्याला टेकवून उभं करायचं, पानांना कपड्यांचा चिमटा लावायचा आणि हातांनी भाकरी थापत डोळे अक्षरांवर ठेवायचे. पान उलटायचं ते पिठाच्या अंगठ्यानं. वाचनालयातून मी एखादं पुस्तक मोठ्या कौतुकानं घरी आणावं आणि आत पिठाचा ठसा निघावा, असं किती वेळा झालं. ही बाई माझ्या आधी तिथं जाऊन आलेली असायची.

त्यांना काहीही चालायचं. रहस्यकथा झाली की भुताच्या गोष्टी, त्या झाल्या की कुणाचं आत्मचरित्र. भुतांची पुस्तकं मात्र भरदुपारी वाचायच्या, आणि तरीही नंतर गोदामातून चिंच आणायला मला सोबत न्यायच्या. एका रहस्यकथेचं मी फार कौतुक केलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "चौथ्या भाकरीलाच कळलं मला खून कुनी केला ते. पर सर, त्यानं का केला ते वाचताना पुढच्या दोन करपल्या. लिव्हनारा हुशार हाय." कोण आणि का यातलं हे अंतर मला कुणी इतकं सोपं करून दाखवलं नव्हतं.

एका थोर माणसाच्या आत्मचरित्राला सगळ्याच भाकरी सुरेख आल्या. अक्का म्हणाल्या, "लई मोठा मानूस. पर जलमभर बायकोसंगं एकदा बी भांडला न्हाई म्हनं. मंग बाकीचं तरी कसं खरं मानू?" बर्फाळ मुलखातल्या प्रवासवर्णनावर त्यांचा वेगळाच राग होता. "एवढ्या लांब जाऊन आला, पर तिथली बाई सकाळी उठून कशावर चूल पेटवती, ते एका वळीत लिव्हलं न्हाई." त्यानंतर मला एकही प्रवासवर्णन सुखानं वाचता आलेलं नाही. प्रत्येक डोंगरापाशी ती चूल आठवते.

कविता मात्र तव्याजवळ नाही. कविता जेवणं झाल्यावर, हात धुऊन, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एक वळ वाचली की हात थांबतोय. हात थांबला की पीठ वाळतंय." मला त्यांचा अचंबा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही. आम्ही चार पुस्तकं वाचून चाळीस मतं ठोकणारे. ही बाई पुस्तकाला आपल्या रोजच्या घासाएवढी जागा द्यायची आणि तेवढंच त्याच्याकडून मागायची.

एकदा मी त्यांना आकाशातल्या ताऱ्यांवरचं पुस्तक दिलं. त्या दिवशी सगळ्या भाकरी करपून गेल्या, वरणाला मीठ नव्हतं आणि दूध ओट्यावरून खाली आलं होतं. अक्का खिडकीशी उभ्या होत्या. "एवढी मोकळी जागा हाय म्हनं वर," त्या म्हणाल्या, "अन् हे रोज म्हनतेत, गोदामात जागा पुरंना." अप्पांनी शेजारून पाव मागवला.

पुढं मी नांदेडला परत आलो. वर्षभरानं लातूरला गेलो तेव्हा ताटात भाकरी आली ती पिठूळ चंद्रासारखी, एक डाग नाही. मी पुस्तकाची चेष्टा करायला तोंड उघडलं आणि डब्याकडे बघितलं. डब्याला काहीच टेकलेलं नव्हतं.

"डोळ्याच्या मधलं गेलंय," अक्का म्हणाल्या. "डॉक्टर म्हनले, कडेचं दिसत राहील. भाकर दिसती की कडेनं. पर अक्षर मधीच असतंय ना, सर."

अप्पा खाली मान घालून जेवत होते. "आता एक बी करपत न्हाई," ते म्हणाले आणि ताट अर्धवट टाकून उठले.

मी अप्पांच्या मोबाइलवर पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप घालून दिलं. आठवड्यात त्यांनी फोन परत अप्पांच्या हातात दिला. "त्यो लई शहान्यावानी वाचतोय," त्या मला फोनवर म्हणाल्या. "थांब म्हनलं तर थांबत न्हाई. मी भांडू कुनासंगं?" ती तक्रार मला पटली.

मग कळलं, अप्पाच वाचायला लागलेत. ज्या माणसानं आयुष्यात बाजारभावापलीकडे काही वाचलं नव्हतं, तो चष्मा लावून कादंबरी घेऊन ओट्याशी बसतो, हे मला खरंच वाटेना. अक्का सुरुवातीला कुरकुरत होत्या. "वर्नन आलं की इचारतेत, हे झाडाबिडाचं सोडून देऊ का? मी म्हनलं, डाळीतला कचरा सोडा, पुस्तकातलं काय बी सोडू नका."

परवा लातूरला काम निघालं. सकाळीच गेलो. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती आणि शटर खालीच होतं. बाजूच्या बोळातून आत शिरलो तर स्वयंपाकघरातून अप्पांचा आवाज येत होता, सोयाबीनचा भाव सांगावा तसा एकसुरी, पण घाईघाईचा. कथेतली कुणी मुलगी पुराच्या पाण्यात उतरत होती. अक्का भाकरीचा हात हवेत धरून उभ्या होत्या. दोघांनाही मी आल्याचं कळलं नाही. तव्यावरून धूर निघत होता आणि साऱ्या घरात वास भरला होता.

"अहो, करपली वाटतं," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी ओळीवरचं बोट उचललं नाही.

"करपू दे," ते म्हणाले आणि पुढं वाचायला लागले.

मी चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसून घेतलं.